सहा नंबरचा आवाज

वायरलेसवर आम्हाला नावं नव्हती, नंबर होते. मी तीन नंबर, तो सहा नंबर. आजही त्याची आठवण आली की आधी नंबर येतो, मग आवाज, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. नावं मी इथं लिहिणार नाही. त्याचं नाही, माझं नाही, आणि ज्या साखर कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो त्याचं तर नाहीच. परभणी जिल्ह्यातला, गोदावरीच्या काठचा कारखाना, एवढं पुरे.

लिहायला बसतो आणि उठतो. पाणी पितो, गच्चीवर जाऊन येतो, उगाच बोअरची मोटार चालू करून बघतो. बायको म्हणते, "काय हरवलं का तुमचं?" मी म्हणतो, काही नाही. परत बसतो.

विद्यापीठाचं नामांतर झालं तो हंगाम. मी पंचविशीचा, बी.कॉम. अर्धवट सोडलेला, पाथरी तालुक्यातल्या मराठ्याच्या घरचा, चुलत्याच्या ओळखीनं कारखान्यात चिकटलेला. हुद्दा चिटबॉयचा. म्हणजे कुणाच्या उसाची तोड कधी, याची चिट शेतकऱ्याला द्यायची, तोडणीची टोळी त्याच्या फडात घालायची आणि तोडलेला ऊस न्यायला कारखान्याकडून ट्रक मागवायचा. कारखान्याच्या हद्दीतली गावं सहा गटांत वाटली होती. दर गटाला एक पत्र्याची खोली, एक टेबल, आणि आदल्याच वर्षी आलेला एक वायरलेस सेट. ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. खोलीबाहेर लोखंडी पाइपावर अँटेना. फोन गावात होता, पण तो चालायचा कधी? सेट आला आणि आम्ही चिटबॉय एकदम माणसांत आलो.

कारखान्यावरच्या मुख्य सेटवर एक म्हातारा होता. फौजेतून आलेला, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणायचे. आमचं बेस म्हणजे तोच. सकाळी सातला तो हजेरी घ्यायचा. "एक नंबर बोला." एक नंबर बोलायचा. मग दोन, मग मी. सगळे पाळीनं, शिस्तीत. खरी गंमत पुढं असायची. काट्यावर वजन होऊन, ऊस खाली करून ट्रक मोकळे झाले की हवालदार म्हणायचा, "गाड्या मोकळ्या. बोला." आणि सहाही जण एकदम बटण दाबायचे. ज्याचा आवाज आधी पोचेल त्याला गाड्या. नियम असा कुठंच नव्हता. पण ट्रकवाले चहा पिऊन निघायच्या घाईत असायचे, हवालदाराला एक हुकूम सोडून मोकळं व्हायचं असायचं, आणि तशीच रीत पडून गेली.

तोडलेला ऊस उन्हात पडला की वाळतो. वाळला की वजन घटतं. म्हणून ट्रकच्या एका खेपेसाठी माझ्या खोलीपुढं माणसं हातापाया पडायची, शिव्या द्यायची, कुणी हुरडा आणून ठेवायचं. माझ्या गटात माझ्या चुलत्याचाही ऊस होता. ते रोज यायचे, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचे आणि सेटकडं बघत म्हणायचे, "ह्याला जरा वरडून सांग की. असं बाईवानी कशाला बोलायलास?"

ओरडून काही होत नसतं हे मला माहीत होतं. कशानं होतं, तेही माहीत होतं. आणि तिथंच सगळं बिघडलं.

हंगामाच्या सुरुवातीला सेट बसवायला नांदेडहून एक टेक्निशियन आला होता. साखर कारखान्यात येऊन बिनसाखरेचा चहा मागायचा, त्यावरून हवालदार त्याला लय छळायचा. त्यानं माझ्या सेटचं झाकण उघडलं, आत एक बारीक स्क्रू होता तो मीटर बघत बघत मागं फिरवला आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका टेकवला. मी विचारलं, काय केलं?

"दाबलं तुम्हाला," तो म्हणाला. "सेट पंचवीस वॅटचा आहे. तुम्हाला पाचच दिलेत."

"का बरं? आमचं गाव काय कमी आहे का?"

"गाव नाही कमी, अंतर कमी आहे. तुम्ही बेसच्या उशाला. सहा नंबर नदीपल्याड, खोलगटात. त्याला मी पुरे पंचवीस सोडलेत तरी त्याचा आवाज बेसपर्यंत धापा टाकत येतो. तुम्हीही पंचवीसनं बोललात तर तो मेलाच."

"मेला म्हणजे? खरखर येईल?"

"खरखर आली असती तर बरं होतं की. या सेटांचा स्वभावच तसा आहे. दोघं एकदम बोलले आणि एक दुसऱ्यापेक्षा चांगलाच जोराचा असला, तर बेसवर जोराचाच येतो, एकदम स्वच्छ. दुसरा होता हे कळतसुद्धा नाही. सारख्या जोराचे असले तर दोघांची मिळून किर्र होते. मग हवालदाराला कळतं की दोघं आहेत. तो एकेकाला बोलावतो. ती किर्र पाहिजे म्हणून तर सगळ्यांचे स्क्रू फिरवत हिंडतोय मी."

मी मान हलवली. मला ते तेव्हाच समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पहिले काही आठवडे त्यानं सांगितलं तसंच चाललं. हवालदार "बोला" म्हणायचा, किर्र व्हायची, तो वैतागून म्हणायचा, "अरे काय कोंबड्यावानी एकदम वरडायलेत? एकेक जण. सहा नंबर, आधी तू बोल, तू लांबचा." आणि सहा नंबरचा आवाज यायचा. त्याचा सेट मला थेट ऐकू यायचा नाही, मधे चढ होता. पण मी काही कामानं कारखान्यावर गेलो की हवालदाराच्या खोलीत बसून ऐकायचो. बारीक आवाज, जरा नाकातला, पण शब्द सुटे सुटे. "बेस, बेस, सहा नंबर बोलतोय. दोन टोळ्या, दोन्ही फडात मोळ्या बांधून तयार. गाड्या पाठवा. ओव्हर." एम.ए.ला बसलेला होता. बौद्ध. त्याच्या वडिलांनी एका संचालकाच्या दारात खेटे घालून त्याला हे काम मिळवून दिलं होतं. आम्ही दोघंही हंगामी. दोघांनाही कायम व्हायचं होतं. पगाराच्या दिवशी भेट व्हायची तेव्हा तो मला "दादा" म्हणायचा. कँटीनमध्ये माझ्याच बाकावर बसायचा. मी सरकून जागा द्यायचो, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटायचं.

मग चुलत्यांच्या फडातला ऊस दोन दिवस पडून राहिला. ते आले, टेकले नाहीत, उभेच राहिले. "तुला तिथं कामून बसवलंय मी?" एवढंच म्हणाले आणि गेले.

दुपारी दार लोटून घेतलं. झाकणाचे स्क्रू काढले. आतला लाल ठिपका नखानं खरवडला आणि तो बारीक स्क्रू थांबेपर्यंत पुढं फिरवला. नंतर पाथरीच्या बाजारातून बहिणीसाठी म्हणून नेलपॉलिशची लाल बाटली आणली आणि पहिल्यासारखाच ठिपका टेकवला. हुबेहूब जमला होता.

दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाला, "गाड्या मोकळ्या. बोला." मी बटण दाबलं. किर्र झाली नाही. हवालदार खूश. "वा रे तीन नंबर! खणखणीत! तीनच्या तीन गाड्या तुझ्या."

ते "खणखणीत" मला फार आवडलं. खोलीपुढच्या माणसांनीही ऐकलं. चुलते संध्याकाळी आले आणि टेबलावर टेकले.

पुढं मला सवयच लागली. गरज असो नसो, "बोला" आलं की अंगठा बटणावर. बाकीचे चार गट रस्त्यावरचे होते. त्यांच्या चिटबॉयांना वायरलेसवर नाही मिळालं तर ते सडकेवर आडवे उभे राहून रिकामा ट्रक वळवायचे, नाहीतर सायकल मारत काट्यावर यायचे. सहा नंबरला तसं काही करता येत नव्हतं. त्याच्याकडं फक्त सेट. मी गप्प असलो तर त्याला वाट मिळायची. आणि मी गप्प नव्हतो.

त्याच्या गटात ऊस वाळायला लागला. टोळ्या बसून राहायला लागल्या. मुकादम बोंबलायला लागला. शेतकरी कारखान्यावर आले आणि शेतकी अधिकाऱ्यापुढं म्हणाले, तुमचा माणूस गाड्या मागतच नाही. तो म्हणाला, मी दिवसभर मागतोय. हवालदाराला बोलावलं. हवालदार सरळ माणूस, त्यानं जे ऐकलं तेच सांगितलं: "साहेब, सकाळी हजेरीला हा चांगला बोलतो. सेट ठीक हाय त्याचा. मंग दिवसभर कुठं जातो ते मला ठावं न्हाई." हजेरीला सगळे गप्प बसून पाळीनं बोलायचे, मग त्याचा आवाज येणारच. पण हे त्या खोलीत मी सोडून कुणाला सुचणार? चिटांचा हिशोब द्यायला आलेला मी दाराशीच उभा होतो.

त्याच दिवसांत नामांतराचा निर्णय झाला. किती वर्षं ते प्रकरण चाललं होतं. मी शाळकरी होतो तेव्हा गावागावांत जे झालं ते आमच्या घरात कधी बोललं जायचं नाही. आई दार लावून घ्यायची, एवढं आठवतं. निर्णय झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरी चालू होती. एक, दोन, माझा नंबर गाळून चार, पाच. मग सहा. त्यानं त्याच्या टोळ्या सांगितल्या आणि जरा थांबून म्हणाला, "आज लय बरं वाटायलंय. ओव्हर."

त्या दिवशी मी गावातला ऊस सोडून हिशोबाला कारखान्यावर होतो, म्हणून हे कानांनी ऐकलं. हवालदार रोज प्रत्येकाला "रॉजर" म्हणायचा. त्या दिवशी तो माइकमध्ये काही बोलला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "वायरलेसवर राजकारण नको म्हनावं." मी हसलो. पलीकडं तो बटण सोडून उत्तराची वाट बघत असणार. किती वेळ बघितली असेल, देव जाणे.

मग कँटीनमध्ये बोलणं सुरू झालं. "आता नाव मिळालं, आता कशाला काम करतील?" "राखीव म्हणून आला का कसा?" "झोपतो म्हणं दुपारचा, पुस्तक तोंडावर घेऊन." त्याच बाकावर बसून मी ऐकायचो. मी स्वतः असलं काही बोललो नाही. हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, की मी तसलं काही बोललो नाही, स्क्रू मी जातीसाठी फिरवला नव्हता. ते खरं आहे. पण लोकांना कारण सापडलं होतं आणि ते कारण माझ्या फार उपयोगाचं होतं. त्यांना ते सापडलं नसतं तर त्यांनी सेटकडं बघितलं असतं.

त्यानं अर्ज केला, की माझा सेट तपासा. सारखा पाठपुरावा केला. शेवटी शेतकी अधिकारी म्हणाला, ठीक आहे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. नांदेडहून टेक्निशियनला बोलावलं. हवालदारानं आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, उद्या टेस्टिंग आहे, सगळे रोजच्यासारखे बोला, टेक्निशियन सहा नंबरच्या खोलीत बसून बघणार.

मी उठून दार लोटलं. झाकण काढलं, नेलपॉलिश खरवडलं, स्क्रू मागं फिरवला, जिथं तो पहिल्यांदा होता तिथं. पुन्हा ठिपका टेकवला. हात अजिबात कापत नव्हते. कापत होते असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, मलाही वाटेल. पण नव्हते.

टेस्टिंगच्या दिवशी हवालदार म्हणाला, "गाड्या मोकळ्या. बोला." किर्र झाली. "एकेक जण. सहा नंबर बोल." सहा नंबर बोलला. पुन्हा, पुन्हा, दर वेळी त्याचा आवाज पोचला. टेक्निशियननं सांगितलं, सेटमध्ये दोष नाही. बाकीचे सेट त्यानं बघितले नाहीत. तक्रार एकाच सेटची होती.

नंतर हवालदारानं मला सहा नंबरचं शेवटचं बोलणं सांगितलं. शेतकी अधिकारी स्वतः माइकवर आला आणि म्हणाला, "ऐकलं का? चालतोय तुझा सेट. आता काय म्हणणं आहे?" तो म्हणाला, "साहेब, आज कसा काय चालला, तेच मला कळेना." सगळी खोली हसली म्हणे. हवालदारही हसला. सांगताना परत हसला.

त्याला त्या आठवड्यात कमी केलं.

थांबा, इथं संपत नाही. हे पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त हेच खातं. त्याच्या जागी एका संचालकाचा भाचा आला. मी स्क्रू पुन्हा पुढं नेला होता. टेस्टिंग झालं, आता कोण बघतंय? भाचा दोन दिवस गाड्या मागत राहिला, मिळाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यानं जीप काढली आणि थेट कारखान्यावर येऊन हवालदाराच्या टेबलावर हात आपटला. कुणी म्हणालं नाही की हा झोपतो. कुणी म्हणालं नाही की हजेरीला तर बोलतो. लगेच ठरलं, सेटांमध्ये काहीतरी गडबड आहे, सगळे तपासा.

हे कानावर आलं आणि मी स्क्रू खाली आणला. कायमचा. गाड्या पाळीनं मिळायला लागल्या. चुलते थोडे दिवस कुरकुरले, मग त्यांचा ऊस संपला. आकाश कोसळलं नाही. हे सगळं त्याच्यासाठीही करता आलं असतं, दार लोटून, एका दुपारी. हंगाम संपता संपता मी कायम झालो. चुलत्यांनी पेढे वाटले.

पुढं काही वर्षांनी परभणीच्या एसटी स्टँडवर तो मला दिसला. मी तोंड फिरवलं होतं, त्यानंच हाक मारली, "दादा!" चुडाव्याला दुकान टाकलं होतं, वह्या-पेन आणि झेरॉक्सचं. एम.ए. राहूनच गेलं. लग्न झालेलं. चांगला बोलला. मग म्हणाला, "दादा, एक इचारू का? तुमाला सेटातलं कळायचं. त्या टेस्टिंगच्या दिवशी माझा सेट कसा काय चालला असंल? मी लय इचार केला. कधी कधी वाटतं, माझंच काही चुकत असंल. बटण नीट दाबत नसंन."

मी म्हणालो, "हवा मोकळी असंल त्या दिवशी."

"हवा," तो म्हणाला. मान हलवली. "असंल."

माझी गाडी लागली. बसायला जागा होती, तरी मी गंगाखेडपर्यंत उभाच राहिलो.

चोरी करणाऱ्याला निदान माहीत असतं की त्यानं काय नेलं. मी त्याची नोकरी नेली एवढंच मला वाटत आलं होतं. स्टँडवर कळलं की तो अजून आपला अंगठा तपासतोय. तरीही मी गप्प बसलो. कशाला? नोकरी जाईल म्हणून? तोवर कारखानाच बंद पडायच्या बेतात होता. पगार थकलेले होते. जायला काही राहिलंच नव्हतं. मी गप्प बसलो कारण गप्प बसायची सवय झाली होती, दुसरं काही नाही.

यंदा दिवाळीनंतर चुडाव्याला गेलो. का यंदाच, याला धड उत्तर नाही. घरात बसवेना, एवढं खरं. पूर्णेहून पुढं रेल्वेनं गेलो, स्टेशनवर उतरलो, दुकान विचारत विचारत पोचलो. मागं घर, पुढं दुकान. डोक्यावरचे केस गेलेले, आवाज तोच. "दादा? या, या." बायकोनं पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच सांगायला लागलो, कारण खाली ठेवला असता तर चहाचं निघालं असतं आणि चहा झाला असता तर मी काहीच न सांगता परत आलो असतो.

तो झेरॉक्सचे कागद पिन मारून लावत होता. माझं बोलणं चालू असताना त्यानं पिना मारणं थांबवलं नाही. माझं सांगून झालं तेव्हा त्यानं विचारलं, "किती फिरवला व्हता?"

"पूर्ण."

"आन टेस्टिंगच्या दिवशी?"

"खाली आणला होता. पहिल्या जागी."

त्यानं पिनेचं यंत्र खाली ठेवलं. रागावेल, मारेल, रडेल, मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्यानं बायकोला हाक मारली, "ए, इकडं ये. हे काय म्हनायलेत ते ऐक." आणि मला म्हणाला, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांच्या कानावर गेलं होतं म्हणे, की पोरगा आळशी आहे, कारखान्यानं काढलेला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"आता मागं चला," तो म्हणाला.

मागच्या अंगणात बाजेवर त्याचे वडील बसले होते. वाळून गेलेले, डोळ्यांवर जाड काच. ज्यांनी संचालकाच्या दारात खेटे घातले होते तेच.

"बाबांना सांगा. मोठ्यानं बोला, कानानं कमी हाय."

मी सांगायला लागलो. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "काय म्हनतोय ह्यो?"

"अजून मोठ्यानं," तो म्हणाला.

मी आवाज वाढवला. शेजारच्या अंगणात भांडी घासणं थांबलं. म्हाताऱ्यानं मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मुलगा माझ्याकडं बघत उभा होता, हाताची घडी घालून.

"तुमच्या पोराची चूक नव्हती!" मी ओरडलो. "तो रोज गाड्या मागत होता! मी माझा सेट वाढवून त्याचा आवाज बंद पाडला होता! मी!"

गल्लीतून जाणारी दोन माणसं कुडापाशी थांबली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. काचेमागं डोळे मोठे दिसत होते. मग मान मुलाकडं वळवली.

"मंग तू खरं बोलायलास व्हतास?"

"व्हय बाबा."

"मी तुला किती बोललो. पावण्या-रावळ्यापुढं बोललो. म्हनलं, झोपला असशील. तू मला कामून न्हाई पटवलंस?"

"पटवत व्हतो बाबा. तुमी ऐकूनच घेत नव्हता."

म्हाताऱ्यानं बाजेवर हात फिरवला, जणू तिथली धूळ झाडतोय. "ह्याला म्हनावं, आता जा," तो मुलाला म्हणाला. मग बाजेवर सरकला, जागा केली. "आन तू बस हितं."

तो बसला. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. म्हाताऱ्याचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. पुढं दुकानात कुणीतरी झेरॉक्ससाठी हाका मारत होतं, "हाय का कोनी? ओ मालक!" तो उठला नाही. मी चपला घातल्या आणि कुडापाशी थांबलेल्या माणसांच्या मधून वाट काढत निघालो.